जखम एवढीशी, मग दोनदा एक्सरे कशाला?

प्रश्न : आमचे गाव भोर तालुक्यात, हिरडस मावळात. भातलावणीच्या दिवसांत चिखलणी करताना माझ्या चुलतभावाला बैलाने शिंग मारले. डाव्या बाजूला, काखेच्या खाली चार-पाच बोटांवर लहानशी जखम झाली. रक्तही फार नव्हते. तो बांध ओलांडून स्वतः चालत घरी आला आणि चहा मागितला. भोरच्या डॉक्टरांनी जखमेत सळी घालून खोली बघितली नाही की टाका घातला नाही. जखम झाकून त्याला सरळ पुण्याला पाठवले. तिथे आधी सोनोग्राफी, मग एक्सरे, काही तासांनी पुन्हा एक्सरे, आणि त्यानंतर बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडली. ऑपरेशन मात्र केलेच नाही. आता तो घरी आहे, तब्येत चांगली आहे. पण गावात दोन तट पडलेत. काही म्हणतात, एवढ्याशा जखमेसाठी उगाच बिल वाढवले. काही म्हणतात, एवढे गंभीर होते तर छाती उघडून का नाही बघितली? खरे काय धरायचे? आणि त्याला औताला कधी जाता येईल?

— एक वाचक, भोर तालुका

उत्तर : भाऊ सुखरूप घरी आला हे वाचून बरे वाटले. गावातले दोन्ही तट एकमेकांच्या विरुद्ध बोलत असले तरी त्यांच्या मनातली समजूत एकच आहे. जखम बाहेरून दिसते तेवढीच आत असते, आणि आत काही मोठे बिघडले असेल तर माणूस आडवा पडतोच, असे दोघेही धरून चालले आहेत. छातीच्या जखमेत या दोन्ही गोष्टी चुकतात. शिवाय तपासणी मोठी झाली म्हणजे ऑपरेशनही मोठे व्हायला हवे, हेही खरे नाही. एकेक गाठ सोडवू.

आधी आतली रचना बघू. बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असते आणि फुप्फुसावर तसेच दुसरे. दोन्हींच्या मध्ये नुसता ओलावा असतो. काचेचे दोन ओले तुकडे एकमेकांवर ठेवले की चिकटून बसतात, तशी ही अस्तरे एकमेकांना धरून असतात. फुप्फुसाला स्वतःचे स्नायू नाहीत. छाती फुगली की चिकटलेले फुप्फुस तिच्याबरोबर ओढले जाते आणि हवा आत येते. आता या दोन अस्तरांच्या मध्ये हवा शिरली तर ती पकड सुटते आणि फुप्फुस आक्रसायला लागते. ही हवा बाहेरच्या भोकातूनच यावी लागते असे नाही. शिंगाचे टोक फुप्फुसाला नुसते ओरखडून गेले, तरी आपण नाकाने घेतलेली हवा त्या चिरेतून गळून तिथे साचते. म्हणजे कातडीवरची जखम मिटली, रक्त थांबले, तरी आतली गळती चालूच राहू शकते.

रक्ताचेही तसेच. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि छातीच्या एका बाजूच्या पोकळीत त्यातले दोन लिटरहून अधिक मावू शकते. बंडीवर रुपयाएवढा डाग आणि आत दोन लिटर रक्त, असे खरोखर घडते. हाताला किंवा मांडीला लागले तर रक्त बाहेर वाहताना दिसते. छातीत ते आतल्या आत साठते.

शिंगाच्या जखमेत आणखी एक भर पडते. बैल मान खाली घालतो आणि मग झटक्याने वर उचकतो. त्यामुळे शिंग सरळ आत न जाता वरच्या दिशेने फाडत जाते. कातडी लवचीक असल्याने ताणली जाते आणि शिंग निघाले की पुन्हा मिटते, पण तिच्या खालचे स्नायू त्यापेक्षा लांबवर फाटलेले असतात. त्यात चिखलणीच्या बैलाचे शिंग म्हणजे त्यावर शेण आणि चिखल आलेच. अशी जखम वरून टाके घालून बंद केली तर घाण आत कोंडली जाते आणि पू होतो. आतून हवा गळत असेल तर तिलाही वाट उरत नाही. भोरच्या डॉक्टरांनी टाका घातला नाही, तो या विचाराने.

जखमेत सळी घालून खोली मोजायची पद्धत पूर्वी होती, त्यामुळे गावातल्या जुन्या माणसांना ती आठवत असेल. छातीच्या आणि मानेच्या जखमेत आज ती टाळतात. सळी किंवा बोट घातल्याने नुकतीच धरलेली रक्ताची गुठळी निसटू शकते. जखम अस्तरापर्यंत पोचलेली नसेल तर आपणच तिला तिथवर पोचवू शकतो. एवढे करूनही उत्तर भरवशाचे मिळत नाही, कारण मार लागला तेव्हा हात वर होता की खाली, श्वास घेतलेला होता की सोडलेला, यानुसार स्नायूंचे थर सरकतात आणि वाट मध्येच बंद झालेली सापडते. सळी अडली म्हणजे जखम तिथेच संपली, असे म्हणता येत नाही.

आता चालत आलेल्या माणसाचा मुद्दा. ३० मार्च १९८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये गोळीबार झाला. अंगरक्षकाने त्यांना गाडीत ढकलले तेव्हा त्यांना गोळी लागली आहे हे खुद्द त्यांनाही कळले नव्हते. ढकलताना बरगडी मोडली असावी, असे वाटले. तोंडातून फेसाळ लाल रक्त दिसले म्हणून गाडी रुग्णालयाकडे वळवली. तिथे उतरून सत्तर वर्षांचा हा माणूस स्वतःच्या पायांनी आत गेला आणि दाराच्या आत गुडघ्यांतून खचला. कपडे कापून काढल्यावर डाव्या काखेखाली एक बारीकशी चीर सापडली. गोळी आधी गाडीच्या पत्र्यावर आपटून चपटी झाली होती, म्हणून गोळीचे नेहमीचे गोल भोक नव्हते. ती फुप्फुसात शिरून हृदयापासून बोटभर अंतरावर थांबली होती. शरीरातले निम्म्याहून अधिक रक्त त्यांनी त्या दिवशी गमावले. तुमच्या भावाची जखमही डाव्या काखेखालीच. डॉक्टरांना त्या जागेचा धसका का असतो, ते यावरून लक्षात यावे.

माणूस इतका वेळ उभा कसा राहतो, यालाही कारण आहे. रक्त कमी झाले की शरीर हातापायांच्या शिरा आवळते आणि हृदयाचे ठोके वाढवते. पाच लिटरपैकी पाऊण लिटरपर्यंत रक्त गेले तर बाहेरून फारसे काही जाणवत नाही. दीड लिटरपर्यंत नाडी शंभराच्या पुढे जाते, श्वास भराभर होतो, पण रक्तदाब बहुतेक वेळा जागेवरच असतो. त्यानंतर मात्र घसरण एकदम होते. कष्टाची सवय असलेल्या तरण्या माणसाचे शरीर तर हा तोल फार वेळ सांभाळते. म्हणून ‘बीपी नॉर्मल आहे, चला घरी’ हे छातीच्या जखमेत चालत नाही. वाढती नाडी आणि वाढता श्वास त्याआधी बोलतात.

यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. जखमी माणूस आला की नातेवाईक पहिल्यांदा म्हणतात, सलाईन लावा. सुई टोचून शीर मोकळी ठेवणे योग्यच आहे, पण आतून रक्त वाहत असताना बाटल्यामागून बाटल्या भराभर चढवल्या तर रक्त पातळ होते, दाब वाढतो आणि थांबलेली जागा पुन्हा वाहू लागते. अशा रुग्णाला डॉक्टर सलाईन हात राखून देतात, त्याला हयगय समजू नका.

भोरला तुमच्या भावाला फार वेळ ठेवले नाही, पण त्या थोड्या मिनिटांत काय झाले असेल ते बघण्यासारखे आहे. सदरा पूर्ण काढून पाठ, दोन्ही काखा, मान आणि पोट पाहिले असेल, कारण एक जखम सापडली की दुसरी नजरेतून निसटते. छातीच्या दोन्ही बाजूंना श्वासाचा आवाज सारखा आहे का ते स्टेथोस्कोपने ऐकले असेल, बोटाने ठोकून आवाज भरीव येतो की पोकळ ते पाहिले असेल. भरीव असेल तर रक्त, जास्त पोकळ असेल तर हवा. मानेच्या शिरा फुगल्यात का, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन किती, नाडी किती. यातून त्यांना एका प्रश्नाचे उत्तर हवे होते : या माणसाला पुण्याचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता झेपेल का, की आधी इथेच काही केले पाहिजे?

‘इथेच काही’ म्हणजे काय? फुप्फुसाची चीर कधीकधी अशी पडते की हवा बाहेर येते पण परत जात नाही. प्रत्येक श्वासागणिक पोकळीतला दाब वाढतो, फुप्फुस पूर्ण दबते, हृदय दुसऱ्या बाजूला ढकलले जाते आणि त्याच्याकडे येणारे रक्तच अडते. काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. इथे एक्सरेची वाट बघायची नसते. जाड सुई किंवा नळी घालून हवा मोकळी करायची असते, आणि तेवढे कोणत्याही लहान रुग्णालयात, किंवा रुग्णवाहिकेतही, होऊ शकते. तुमच्या भावात ही लक्षणे नव्हती म्हणून त्याला पुढे पाठवले.

पुण्यात पहिली सोनोग्राफी झाली, ती पोटदुखीसाठी करतात तशी निवांत नव्हे. छातीच्या जखमेत ती दोन-चार मिनिटांत उरकतात आणि तिच्यातून मोजकेच प्रश्न विचारतात. हृदयाभोवती रक्त साचले आहे का? दोन्ही बाजूंच्या फुप्फुसांभोवती हवा किंवा रक्त आहे का? आणि पोटात रक्त आहे का? हृदयाचा प्रश्न पहिला, कारण हृदयावरचे आवरण चिवट असते, चटकन ताणत नाही. त्यात दीड-दोनशे मिलिलिटर रक्त एकदम साचले तरी हृदयाला फुगायला जागा उरत नाही. १८९८ च्या सप्टेंबरात जिनिव्हात ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथ यांच्या छातीत एकाने टोकदार केलेली कानस खुपसली. त्यांना वाटले, माणसाने धक्का दिला. त्या उठल्या, चालत बोटीवर गेल्या आणि तिथे कोसळल्या. घाव हृदयापर्यंत पोचला होता, पण कपड्यावर डाग लहानसाच होता. त्या काळी आत डोकावून बघायला काही नव्हते. आज खाटेशेजारी ठेवलेले यंत्र ते काम करते. तरी त्यावरही डोळे झाकून विसंबत नाहीत. हृदयाचे आवरणच फाटले असेल तर रक्त तिथे न साचता डाव्या पोकळीत वाहून जाते आणि सोनोग्राफीत हृदयाभोवती काही दिसत नाही.

छातीच्या जखमेसाठी पोट का बघायचे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा घुमटासारखा वर आलेला असतो. श्वास पूर्ण सोडला की तो पुढच्या बाजूने जवळजवळ स्तनाग्राच्या रेषेपर्यंत चढतो. त्यामुळे त्या रेषेच्या खाली लागलेली जखम दिसायला छातीची असली तरी शिंगाचे टोक डावीकडे प्लीहेत किंवा जठरात आणि उजवीकडे यकृतात गेलेले असू शकते.

मग एक्सरे. तो जमल्यास बसवून किंवा उभे करून काढतात. झोपवून काढला तर रक्त पाठीमागे पसरते आणि नुसते धूसर दिसते. बसवले की ते खाली उतरते आणि पडद्याचा कोपरा भरतो. पण तो कोपरा भरलेला दिसायलाही दोनशे-तीनशे मिलिलिटर रक्त लागते. एक्सरेच्या आधी जखमेवर कागदाला लावायची साधी क्लिप चिकटवल्याचे भावाला आठवते का, विचारून बघा. कातडीवरची जखम एक्सरेत दिसत नाही, क्लिपचा धातू दिसतो. त्यावरून घाव कुठून कोणत्या दिशेने गेला याचा अंदाज बांधता येतो. बंदुकीच्या जखमांत तर एक सोपा हिशेबही करतात. अंगावरची भोके आणि एक्सरेतल्या गोळ्या यांची बेरीज सम यायला हवी. विषम आली तर एखादे भोक किंवा गोळी नजरेतून सुटली आहे, पुन्हा शोधा.

पहिला एक्सरे चांगला होता, मग दुसरा कशाला? गळती बारीक असेल तर पहिल्या एक्सरेच्या वेळी हवा इतकी थोडी असते की ती दिसतच नाही. काही तासांत ती साचते. म्हणून जखमी माणसाला काही त्रास नसला, पहिला एक्सरे स्वच्छ असला, तरी त्याला थांबवून घेऊन पुन्हा एक्सरे काढतात. पूर्वी हे अंतर सहा तासांचे धरत, आता पुष्कळ ठिकाणी तीन तासांनी काढतात. दुसराही स्वच्छ आला तर माणसाला घरी पाठवता येते. तुमच्या भावाच्या बाबतीत नळी दुसऱ्या एक्सरेनंतरच घातली, यावरून तो दुसरा एक्सरे किती उपयोगी पडला ते उघड आहे. पहिल्या एक्सरेवर त्याला घरी आणले असते तर फुप्फुस रात्री गावात आक्रसले असते.

नळी आणि बाटली ही दिसायला साधी आणि कामाला फार मोठी गोष्ट आहे. काखेच्या खाली, बरगड्यांच्या मधून नळी आत सरकवतात आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्याखाली दोनेक सेंटिमीटर बुडवून ठेवतात. छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, पण पाण्यामुळे बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही. हँबुर्गचे डॉक्टर गोटहार्ड ब्यूलाउ यांनी ही युक्ती एकोणिसाव्या शतकात रूढ केली आणि तत्त्व आजही तेच आहे. श्वासाबरोबर नळीतले पाणी वरखाली होते, ते नळी मोकळी असल्याचे लक्षण. बुडबुडे थांबले, रक्त येणे कमी झाले आणि एक्सरेत फुप्फुस पूर्ण फुगलेले दिसले की नळी काढतात. बाटली नेहमी छातीच्या खाली ठेवायची असते. वॉर्डात नातेवाईक झाडू मारणाऱ्या मावशींना अडचण नको म्हणून ती उचलून खाटेवर ठेवतात. तसे कधी करू नका, पाणी उलटे छातीत जाऊ शकते.

आता दुसऱ्या तटाचा प्रश्न : छाती का उघडली नाही? फुप्फुसातून फिरणाऱ्या रक्ताचा दाब शरीरातल्या इतर धमन्यांच्या मानाने फार कमी, साधारण सहाव्या हिश्श्याएवढा असतो. त्यामुळे फुप्फुसाच्या चिरेतले रक्त बरेचदा आपोआप थांबते. नळीने हवा आणि रक्त काढून टाकले की फुप्फुस फुगून बरगड्यांना टेकते आणि स्वतःची जखम स्वतः दाबून धरते. म्हणूनच छातीत घुसलेल्या जखमांपैकी बहुतेकांना नळी किंवा नुसती देखरेख पुरते, आणि दहापैकी एखाद-दुसऱ्यालाच छाती उघडावी लागते. कोणाला, ते नळीच सांगते. नळी घालताच दीड लिटरच्या आसपास रक्त आले, किंवा त्यानंतर काही तास दर तासाला दोनशे मिलिलिटर येत राहिले, तर बरगडीची धमनी, मोठी रक्तवाहिनी किंवा हृदय फाटले असण्याची शक्यता मोठी. तिथला दाब जास्त असतो, आपोआप थांबत नाही. रेगन यांनाही आधी नळीच घातली होती. रक्त थांबेना, तेव्हा ऑपरेशन केले. तुमच्या भावाचे थांबले. उपचारातला हा फरक जखमेच्या वागण्यावरून ठरला.

बिलाचे म्हणाल तर रक्कम योग्य होती की नाही हे मी इथून सांगू शकत नाही. पण त्या तपासण्यांतली एकही वायफळ नव्हती, एवढे खात्रीने सांगतो. पुढे कोणावर वेळ आलीच तर दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या.

औताचा प्रश्न मी शेवटासाठी ठेवतो. मध्ये वेल्ह्याहून आलेले पत्र याच विषयाचे आहे.

प्रश्न : छातीत कोयता, काठी किंवा सळई रुतली तर ती लगेच काढावी असे आमच्याकडे म्हणतात. जखमेत हळद किंवा चुलीतली राख भरून फडक्याने गच्च आवळतात. हे बरोबर आहे का? आणि १०८ ची वाट बघावी की मिळेल त्या गाडीतून न्यावे? पोलीस केस आहे म्हणून डॉक्टर हात लावत नाहीत, असेही ऐकले आहे.

— एक वाचक, वेल्हे

उत्तर : रुतलेली वस्तू काढू नका. फाटलेल्या रक्तवाहिनीला त्या क्षणी तीच दाबून धरून असू शकते. ती शस्त्रक्रियागृहात, हाताशी रक्त आणि सर्जन असताना काढायची असते. तिच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ कापडाच्या घड्या ठेवून ती हलणार नाही अशी बांधा. लांब असेल तर बाहेरचा भाग कुणीतरी हाताने धरून ठेवा.

हळद, राख, कॉफी, चुना यातले काहीही जखमेत भरू नका. आत पोकळी आहे आणि भरलेले सगळे तिच्यात उतरते. जखमेतून हवा ये-जा करताना फसफस आवाज येत असेल तर ती हवाबंद करू नका. पूर्वी प्लास्टिक तीन बाजूंनी चिकटवायला शिकवत. पण घरच्या माणसाकडून गडबडीत चौथी बाजूही बंद होते, रक्ताने कापड चिकटून बसते आणि आत हवा कोंडते. स्वच्छ कोरडे कापड वरून सैल ठेवणे पुरे. ते ठेवल्यावर धाप वाढली तर लगेच उचला. जखमेच्या कडेतून रक्त वाहत असेल तर तेवढ्या जागेवर मात्र दाब द्या. शुद्धीत असलेल्या माणसाला ज्या स्थितीत श्वास सोपा वाटतो, बहुधा अर्धवट बसून, त्या स्थितीतच राहू द्या. चहा, पाणी, गूळ काही देऊ नका. लगेच भूल द्यावी लागली तर पोटातले फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. पहिल्या पत्रातल्या भावाने चहा मागितला होता. त्याला तो पाजला नसेल तर फार चांगले केले.

१०८ ची सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. हा मोठा फायदा आहे, म्हणून पहिला फोन तिथेच करा. पण मोहरी, सिंगापूर यांसारख्या टोकाच्या गावांत किंवा रायरेश्वराच्या पठारावर रेंज मिळणे आणि गाडी पोचणे दोन्ही वेळखाऊ. छातीच्या जखमेत जागेवर बसून राहण्यात काही मिळत नाही. एकाने रेंज मिळेल तिथे जाऊन फोन करावा, बाकीच्यांनी माणसाला झोळीतून किंवा मिळेल त्या वाहनातून रस्त्याकडे आणावे आणि रुग्णवाहिकेला वाटेत गाठावे. धाप वाढत असेल, ओठ निळसर पडत असतील, माणूस बडबडू लागला असेल किंवा गळून जात असेल तर पुण्याचा हट्ट धरू नका. वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय असो, भोरचे उपजिल्हा रुग्णालय असो, जवळ जे असेल तिथे हवा मोकळी करून मग पुढे जा. हिरडस मावळातल्या लोकांनी हेही ध्यानात ठेवावे की पावसाळ्यात वरंधा घाट अनेकदा बंद असतो, तेव्हा महाडकडे जायचा विचार सोडून भोरकडेच वळावे.

पोलीस केसबद्दलची भीती निराधार आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. नोंद उपचाराबरोबर होते, उपचाराच्या आधी नव्हे. तुमच्याकडून एवढेच हवे की अंगावरचे फाटलेले कपडे धुऊ नका, फेकू नका, रुग्णालयात द्या. रानडुक्कर किंवा गव्याने मारले असेल तर वनखात्यालाही उशीर न करता कळवा. भरपाईची तरतूद आहे, पण तिला पंचनामा आणि उपचाराचे कागद लागतात.

आता औताचा प्रश्न. नळी काढल्यानंतर जड उचलणे, औत धरणे, पोती वाहणे साधारण सहा आठवडे टाळावे, आणि नेमकी तारीख पुन्हा दाखवायला जाल तेव्हा त्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे. दुखते म्हणून माणूस श्वास तोकडा घेतो, मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला राहतो आणि तिथे न्यूमोनिया धरतो. म्हणून दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या असतील तर त्या सोसण्याच्या अभिमानापायी टाळू नयेत. तीन छोट्या चेंडूंचे श्वासाचे यंत्र दिले असेल तर दिवसातून अनेकदा ओढावे. बिडी पूर्ण बंद. धनुर्वाताच्या इंजेक्शनचा पुढचा डोस सांगितला असेल तर तो चुकवू नये. अचानक धाप लागली, ताप आला, पिवळा बेडका पडू लागला किंवा नळीच्या जागेतून पाणी वा पू आला, तर औषधाच्या दुकानात न जाता सरळ रुग्णालय गाठा.

एक गोष्ट मात्र सहा आठवड्यांनी संपत नाही. मघाशी सांगितलेल्या छाती-पोटामधल्या पडद्याला डाव्या बाजूला लहानशी चीर पडली असेल तर ती सोनोग्राफीत, एक्सरेत, कधीकधी सीटी स्कॅनमध्येही सापडत नाही, आणि माणसाला काही जाणवतही नाही. छातीतला दाब पोटापेक्षा कमी असल्याने पुढे महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, जठर किंवा आतडे तिच्यातून वर सरकून अडकू शकते. तेव्हा माणूस पोटात कळ आली, उलट्या होतात, जेवल्यावर धाप लागते, अशी तक्रार घेऊन नव्याच डॉक्टरकडे जातो आणि जुन्या शिंगाचा विषयच निघत नाही. तुमच्या भावाला असे कधी झाले तर पहिल्या वाक्यात सांगा की डाव्या छातीला बैलाचे शिंग लागले होते. आणि त्याचे डिस्चार्ज कार्ड व दोन्ही एक्सरे पावसात भिजणार नाहीत असे, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर, जपून ठेवा.